झाकणावरचा तांदूळ

बाबा, परवा सोमवारी सकाळी अकोल्याच्या घराचं कुलूप उघडलं आणि चपलासुद्धा न काढता मी आधी ओट्यापाशी गेले. शनिवारी अमरावतीला निघताना मी तीन रिकामी पातेली झाकून ठेवली होती आणि प्रत्येक झाकणावर मधोमध तांदळाचा एकेक दाणा ठेवला होता. खिडक्या बंद होत्या, पंखा बंद होता. सोमवारी तिन्ही झाकणं जागच्या जागी होती, कडेला कड जुळवून ठेवलेली, आणि तिन्ही दाणे ओट्यावर पडले होते. म्हणजे मी नसताना कोणीतरी आत येऊन, एकेक झाकण उचलून, वास घेऊन गेलं होतं. कोणीतरी कशाला, घरमालकच. दाराची दुसरी चावी त्यांच्याजवळच असते. मी तशीच खुर्चीवर बसले. त्यांचा राग आला, तो तर येणारच. पण त्याच्याआधी मला तुमचा आला, बाबा. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसावर इतकं चिडता येतं हे मला माहीत नव्हतं.

तुम्हाला यातलं काहीच ठाऊक नाही, म्हणून सांगते. दीड वर्षापूर्वी माझी बदली अकोल्याला झाली. शेतातली माती तपासायची सरकारी प्रयोगशाळा आहे, तिथे मी असते. तुमचे जावई आणि नातू अमरावतीलाच आहेत, नातवाचं बारावीचं वर्ष आहे. मी आठवडाभर इथे तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहते आणि शनिवारी दुपारच्या एस.टी.नं घरी जाते. घरमालक तळमजल्यावर राहतात. निवृत्त माणूस, पांढरा स्वच्छ सदरा, बोलायला गोड. कुंडीतला कढीपत्ता आणून देतात. घर देताना त्यांनी दोनच अटी घातल्या, भिंतीत खिळा ठोकायचा नाही आणि घरात मांसमच्छी, अंडं आणायचं नाही. मी हो म्हणाले. अशाच अटींच्या घरात मी वाढले, त्यामुळे तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

मग एका सोमवारी कढईचं झाकण मला वेगळं दिसलं. मी त्याचा कान नेहमी खिडकीकडे ठेवते, तो भिंतीकडे होता. पुढच्या आठवड्यात पलंगावरच्या चादरीची घडी उलटी होती आणि घरात सुपारीचा वास होता. तुमच्या जावयांना सांगितलं तर म्हणाले, "म्हातारा माणूस आहे, नळबिळ पाहायला गेला असेल, जाऊ दे ना." कसं जाऊ देऊ? माझी चादर, माझी पातेली, दोरीवर वाळत घातलेले माझे कपडे. आठवडाभर मला दाराची कडी लावूनही झोप नीट लागत नव्हती. आणि खरं सांगू का, दुसऱ्या कोणाच्या हे लक्षातही आलं नसतं. झाकण कुणी हलवलं ते मला कळलं, कारण हलवलेलं झाकण परत कसं ठेवायचं ते तुम्ही मला शिकवलं होतं.

आठवतंय ना तुम्हाला? आपल्या घरामागच्या तीन खोल्या. तुम्ही शाळेत इतिहास शिकवता, सगळी गल्ली तुम्हाला सर म्हणते, आणि त्या तीन खोल्यांच्या दुसऱ्या चाव्या एका तारेत ओवून देवघराच्या खुंटीला लटकवलेल्या. मधल्या खोलीत सिस्टर राहतात. परतवाड्याच्या पलीकडचं कुठलंसं गाव, आपल्या गावात दवाखान्यात नोकरी, खोलीत एकट्याच. मी तेव्हा चौथीत. त्या ड्यूटीवर गेल्या की महिन्यातून एकदोनदा तुम्ही तारेतली चावी काढता आणि मला हाक मारता, "चाल वं, टाकी पाहून येऊ." टाकी तर गच्चीवर होती, बाबा. मला सोबत का न्यायचात ते मला लग्नानंतर कळलं. एकट्या बाईच्या खोलीत पुरुष माणूस शिरताना दिसला तर गल्लीत बोभाटा झाला असता. मुलीचा हात धरून शिरला की ते सर झाले.

आत गेल्यावर तुम्ही दाराशी उभे राहायचात आणि मला सांगायचात. डबे उघड. पातेल्याचा वास घे, मटनाचा येते का? कॉइलची शेगडी हाय का पाह्य. "झाकन उचलाच्या आंधी पाहून घे, कान कोन्या बाजूनं हाय. तसंच ठेवजो." मी नीट पाहून घ्यायचे आणि तसंच ठेवायचे. मला त्याचा अभिमान होता. वर्गात एखाद्यानं दुसऱ्याची वही न विचारता उघडली तर तुम्ही त्याला उठाबशा काढायला लावायचात, आणि घरी मला हे शिकवायचात. हे दोन्ही करणारा माणूस एकच आहे, हे तेव्हा मला खटकलं कसं नाही?

सिस्टरांना संशय आला होताच. एकदा त्या व्हरांड्यात आल्या आणि म्हणाल्या, "सर, माह्या दाराले आतून एक मजबूत कडी लावून द्या. अन् बाहेरून मी माह्यं सोताचं कुलूप लावतो." तुम्ही पेपर खालीसुद्धा ठेवला नाही. "कडी कायले पायजे? माह्या घरात चोर नाई येत, सिस्टर." त्यांनी तरी बाजारातून पितळी कुलूप आणून लावलं. दोन दिवसांत तुम्ही ते काढायला लावलंत. म्हणालात, "आग लागली त मी काय दरवाजा तोडू?" मी दारामागे उभी राहून हे सगळं ऐकत होते. सिस्टर माझ्याशी फार चांगल्या होत्या. एकदा पायरीवर बसले असताना त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि आईला म्हणाल्या, "वैनी, पोरीच्या अंगात रक्तच नाई." बुधवारी त्यांना सुटी असायची. शाळेतून आले की मी त्यांच्याकडे पाढे म्हणायला जायचे. तुम्हाला ते आवडायचं, फुकटची शिकवणी म्हणून.

आणि मग तो दिवस. खाटेखाली ट्रंकेमागे कागदाचं टोक दिसतं. तुम्हाला वाकता येत नाही, मी लहान आहे. "काय हाय ते? काढ." मी पोटावर सरपटत आत जाते आणि पुडकं घेऊन बाहेर येते. तुम्ही उघडता. आत अंड्याची टरफलं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणता, "शाबास." बाबा, पहिला नंबर आल्यावरसुद्धा तुम्ही मला शाबास म्हणाला नव्हतात. पुढच्या वर्षी आणखी मेहनत कर, एवढंच म्हणाला होतात.

संध्याकाळी तुम्ही त्यांना व्हरांड्यात उभं केलंत. बसा म्हणालासुद्धा नाहीत. "आमच्या घरात अंडं चालत नाई, तुमाले पयलेच सांगतलं होतं. आठ दिवसांत खोली खाली करा." सिस्टरांनी एकदा दाराकडे पाहिलं. तिथे मी उभी होते. मग म्हणाल्या, "हो सर, चुकलं माह्यं. पन तुमी माह्या खोलीत गेलते काहून?" तुम्ही म्हणालात, "घर माह्यं हाय." आठ दिवस कशाला, पाचव्या दिवशीच त्या सायकल रिक्षात ट्रंक, स्टोव्ह आणि गादी घालून निघून गेल्या. नंतर त्यांची बदली धारणीला झाली असं आईनं कुठूनसं ऐकलं होतं. त्यांच्यानंतरच्या भाडेकरूला खोली देताना तुम्ही आडनाव दोनदा विचारून घेतलंत.

तर मी मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. स्टँडजवळ एक चावीवाला बसतो, त्याला घरी घेऊन आले. त्यानं दाराचं लॅच पाहिलं आणि म्हणाला, "टेन्शन नका घेऊ म्याडम. भोक पाडाचं काम नाई. याच मापाचं नवं बसवून देतो. जुनं फेकू नोका, घर सोडसान तवा हेच परत लावून देजा." वीस मिनिटांत झालं. तेवढ्यात मी त्याच्याकडून दाराच्या फटीत अडकवायचा रबरी ठोकळाही घेतला, आतून लावला की दार ढकललं तरी उघडत नाही. नातवानं फोनवर भिंतीला चिकटवायचा कॅमेरा मागवून दिला, त्याला खिळा लागत नाही. जुनं लॅच मी कापडी पिशवीत बांधून कपाटात ठेवलं. घरमालकांच्या वस्तूला मी हात लावणार नाही.

संध्याकाळी ते वर आले. चावीवाल्याला जिन्यात पाहिलं असणार. "म्याडम, नवीन कुलूप लावलं म्हने. एक चावी आमच्यापाशी राहाले पायजे." मी विचारलं, कशाला? "आता कसं हाय, आग लागली त?" बाबा, अगदी तेच शब्द. चाळीस वर्षांत तुम्हा लोकांना दुसरं कारण सुचलं नाही. मी म्हटलं, "आग लागली त फोन करा, अन् दार तोडा. खर्च मी देईन. पन माह्यी पातेली हुंगाले येऊ नोका." त्यांचं तोंड उतरलं, पण क्षणभरच. मग छाती काढून म्हणाले, "घर माह्यं हाय ना!" मग माझा तोल गेला. मी ओरडले, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "घर तुमचं हाय काका, घरातली बाई तुमची नाई!" समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि लगेच बंद झालं. ते जाताना म्हणाले, महिनाअखेर पाहू. मी म्हटलं, पाहू. म्हणजे कदाचित मलाही घर शोधावं लागेल, नातवाच्या परीक्षेच्या दिवसांत. जावई म्हणतात इतकं ताणायला नको होतं. मला वाटतं फार उशिरा ताणलं.

दार लावलं, ठोकळा सरकवला आणि बराच वेळ पाठ टेकून उभी राहिले. तुम्ही समोर असता तर हेच सगळं तुम्हालाही ओरडून सांगितलं असतं, असं मनात आलं. पण ते खोटं आहे. तुम्ही बावीस वर्षं माझ्यासमोर होतात, नंतर लग्नानंतरही दर दिवाळीला होतात, आणि मी एक शब्द काढला नाही. मेलेल्या माणसावर ओरडायला काही लागत नाही.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवावं असं आधी वाटलं होतं. पण तो फोटो आई रोज पुसते, आणि तिला हे ठाऊक नाही. म्हणून मी ते जुन्या लॅचच्या पिशवीत घालणार आहे. आता राहिलेलं एवढंच लिहिते. दर बुधवारी पाढे झाले की सिस्टर स्टोव्हवर एक अंडं उकडायच्या, मीठ-मिरपूड लावून मला द्यायच्या आणि म्हणायच्या, "खाय, रक्त वाढते." त्या स्वतः खात नव्हत्या, बुधवारी त्यांचा उपास असायचा. पुडक्यात काय आहे ते खाटेखाली शिरण्याआधीच मला माहीत होतं. ती टरफलं माझ्या अंड्यांची होती, बाबा. सिस्टरांनी माझं नाव सांगितलं नाही, आणि मीही नाही.