बारकीने शिवलेली पिशवी

३ फेब्रुवारी

ती. दादास,
बारकीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

मी खुशाल आहे, हे आधीच लिहिते, नाहीतर पुढचं वाचून तू हातातली कात्री टाकून इकडे निघशील. काल दुरुस्तीसाठी टॉवरच्या अगदी टोकाला होते. मोठा पाना काढायला कमरेच्या पिशवीत हात घातला आणि हाताला नुसतं भोक लागलं. तळाची शिलाई उसवून पाना केव्हाच खाली गेला होता. खाली आमच्या टोळीतले सगळ्यांत जुने गडी, काका, माझा दोर धरून उभे होते. पाना त्यांच्या पायाशी मातीत रुतला. त्यांनी वर पाहिलं आणि माझा दोर आणखी घट्ट धरला. तेच जास्त लागलं.

मुकादमांनी आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. ते शांतपणे म्हणाले, भरवशाची पिशवी कमरेला येईपर्यंत तू जमिनीवर. माझे पाय जमिनीवर नसतात अशी आईची तक्रार असायची ना, तिला सांग, सध्या असतात. दिवसभर केबलची वेटोळी घालते आणि बाकीच्यांना चढताना बघते.

तू ट्रकच्या ताडपत्र्या शिवतोस. एक पिशवी म्हणजे तुझ्या हातचा मळ. तेवढी लवकर शिवून पाठव.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
बारकी

१० फेब्रुवारी

चि. बारकीस,
दादाचे आशीर्वाद.

पत्र वाचलं, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि बसून राहिलो. काकांना माझा नमस्कार सांग.

पिशवी मी शिवून देणार नाही. हवं तर रागाव, पण ऐकून घे. वर टोकावर एखादा टाका सैल झाला तर तो तुझ्या बोटांना आधी कळला पाहिजे. मी शिवलेल्या पिशवीवर तू डोळे मिटून विश्वास ठेवशील, आणि तिथे डोळे मिटून चालत नाही.

सोबत जाड कॅनव्हास, मेण लावलेला दोरा, जाड सुया, भोकं पाडायला आरी, एक कडी आणि कमरेला अडकवायचा पट्टा पाठवतो आहे. तळ दुहेरी घे. काठ आत दुमडून शेजारी शेजारी दोन शिलाया घाल. प्रत्येक टाका मागे वळवून पुढे ने, म्हणजे एक तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. प्रत्येक हत्याराला दोरी बांधून ती आतल्या कडीत अडकव. पावसाचं पाणी निघायला तळाला भोक ठेव. पाना निघेल एवढं नको.

लहानपणी बाहुलीचा झगा शिवताना तू तो स्वतःच्या फ्रॉकलाच शिवून टाकला होतास, हे आईने वहिनीला सांगून ठेवलंय. तिचा निरोप आहे की मांडीवर घेऊन शिवू नकोस.

तुझ्या काळजीत आणि तरी निर्धास्त,
दादा

२२ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार. साष्टांग नाही, अंगठा दुखतोय.

पिशवी शिवली. दगड भरून खोलीतल्या खुंटीला टांगली. तळ टिकला, पण पट्टाच सुटून आला आणि सगळे दगड धाडकन खाली. घरमालकीण जिन्यातून विचारत आली की भिंत पाडताय का. मला रडूच आलं. टोळीतला एक जण सगळ्यांसमोर म्हणाला, शिवणकामच करायचं होतं तर टॉवरवर कशाला आलीस. मी केबलची वेटोळी घालत राहिले.

तुझं मशीन तिथे घरघरतंय आणि मी इथे बोटं टोचून घेतेय. माझा तुझ्यावर राग आहे. वहिनीवर नाही.

बारकी

२७ फेब्रुवारी

चि. बारकीस,
आशीर्वाद, रागासकट.

दोरा तुटला की कापड फाटलं? सुटलेली जागा बोटाने चाचपून बघ. दोरा तुटला असेल तर चूक टाक्याची. कापड फाटलं असेल तर चूक जागेची. उत्तर मला कळवत बसू नकोस, तुझं तूच ठरव. आणखी कापड पाठवतो आहे.

टोमणा मारणाऱ्याला एवढंच सांग, की ज्या पट्ट्याच्या भरवशावर तो वर लोंबकळतो, तोही कुणीतरी शिवलेलाच आहे.

दादा

१५ मार्च

ती. दादास,
साष्टांग नमस्कार, अगदी पूर्ण.

कापड फाटलं होतं! पट्टा मी वरच्या काठाला शिवला होता, म्हणून सगळं ओझं कापडाच्या त्या चार बोटं जागेवर आलं. मग सगळी पिशवी उसवली. पट्टा एका बाजूने खाली, तळाखालून दुसऱ्या बाजूने वर, असा अखंड घेतला. आता ओझं पट्टा उचलतो आणि कापड फक्त हत्यारं सांभाळतं.

मुकादमांनी तिच्यात नटबोल्ट भरले, दोराने वर ओढली आणि हिसके देऊन पाहिली. मग टाक्यांवरून बोट फिरवत विचारलं, कुठून आणलीस. मी शिवली, म्हटलं. त्यांनी पुन्हा एकदा पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाले, उद्या वर जा.

खाली दोर कोण धरणार, असं त्यांनी विचारल्यावर कुणी काही बोलायच्या आत काका पुढे झाले. म्हणाले, ती वर असेल तर खाली मीच. दादा, दुसऱ्या दिवशी वर पोचल्यावर डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता. काम मात्र चोख केलं.

टोमणा मारणाऱ्याला तुझं वाक्य ऐकवलं नाही. संध्याकाळी तोच त्याची झिजलेली पिशवी घेऊन आला. त्याला आरी धरायला शिकवतेय.

तुझीच,
बारकी

२३ मार्च

प्रिय बारके,
वहिनीचा आशीर्वाद, आणि पाठीवर एक थापही.

तुझा दादा कागद समोर घेऊन नुसता हसत बसलाय, म्हणून मी लिहिते. येईल त्या गिऱ्हाइकाला तुझं पत्र वाचून दाखवतो. परवा एक ट्रकवाला ताडपत्री न घेताच गेला, कारण ह्याचं वाचन संपेना.

आता एक सांगते, मी सांगितलं म्हणू नकोस. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दुपारी त्याने तुझ्यासाठी पिशवी शिवली होती. वर पत्ता लिहून पोस्टापर्यंत नेली आणि परत आणली. तुझं रागाचं पत्र आलं तेव्हा मीच म्हटलं, आता तरी पाठव. त्या दिवशी धड जेवला नाही, पण पाठवली नाही.

काल ती कपाटातून काढून तुझ्या पत्राशी ताडून पाहिली. म्हणाला, घाईत माझाही पट्टा वरच्या काठालाच बसला की. मग खिडकीशी बसून सगळी उसवली आणि तू लिहिलंस तशी, पट्टा तळाखालून घेऊन, पुन्हा शिवली. ती सोबत पाठवली आहे, काकांना दे. आतल्या बाजूला त्याने पेनाने लिहिलंय: बारकीच्या पद्धतीने.

आमचा जीव तुझ्यात आहे, तुझा आमच्यात राहू दे.
वहिनी