मूठमूठ तांदूळ

क्लातेन,
रविवार, ७ सप्टेंबर

प्रिय विगाती,

सलाम. तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. तू, आपली लेक रारस आणि वोनोगिरीचे तुझे आईबाबा सुखरूप आहात असं धरून लिहितो. मी बरा आहे. फोन बिघडलाय, म्हणून पत्र. अक्षर लागत नसेल तर सांग, पुढच्या वेळी मोठं काढीन.

संमतीचा कागद नीट वाचला. ‘पत्नीने कामासाठी तैवानला जाण्यास माझी हरकत नाही’ आणि खाली माझ्या सहीची जागा. सही सरकारी महसुली तिकिटावर हवी, आणि पोस्टातली तिकिटं संपली आहेत म्हणे. आली की बघतो. घाई नसावी.

तू लिहिलंस, ‘कापडगिरणी पुन्हा सुरू झाली तर मी जात नाही, नाही तर सही कर.’ तर कळवतो की परवा गिरणीतून बोलावणं आलं. मी गेलो. मजुरीही हातात मिळाली.

घर तू लावून दिलंस तसंच चाललंय. वीज, गॅस, लग्नाचे आहेर, तुझी खर्चाची सगळी पाकिटं अजून खिळ्याला आहेत. स्वयंपाक सकाळी एकदाच करतो, उरलेलं संध्याकाळी. गेल्या महिन्याभरात गल्लीत तीन लग्नं निघाली. आहेराचं पाकीट रिकामं, म्हणून दोन लग्नांच्या दिवशी मी आजारी पडलो. तिसऱ्यांदा आजारी पडणं बरं दिसेना. तिथे भांडी घासायला गेलो आणि जेवूनच आलो.

दाराजवळच्या बांबूच्या नळकांड्यात रोज तांदूळ टाकतो, ते चुकवत नाही. रात्रपहाऱ्याची माणसं गल्लीतल्या गरजूंसाठी गोळा करून नेतात. परवा पहाऱ्यावरचे म्हातारे पाक दारमो रस्त्यात ओरडले, “काय रे सुगेंग, बायको होती तेव्हा चिमूटभर, बायको गेल्यावर मूठभर? कुणावर छाप पाडतोयस?”

मी म्हटलं, “तुमच्यावरच, पाक. तुमचे हात थरथरतात, निम्मे सांडतात, म्हणून जास्त टाकतो.”

हसले. गल्लीत सगळं ठीक आहे.

रारस माझ्याबद्दल विचारते का, ते तू लिहिलं नाहीस.

तुझा,
सुगेंग


क्लातेन,
शनिवार, २० सप्टेंबर

विगाती,

तुझं पत्र आलं. गिरणी सुरू झाली म्हणून तू एजंटला नकार कळवणार आहेस, आणि रारसने बाबांच्या पगारातून लाल चपला मागितल्या आहेत. एजंट महिनाअखेरपर्यंत जागा राखेल असं तू लिहिलंस. हे पत्र त्याआधी पोचायला हवं. एजंटला अजून काही कळवू नकोस.

आधी तांदळाचं सांगतो.

गुरुवारी दुपारी बू मुर्ती आल्या. नवरा गल्लीप्रमुख असला तरी गल्ली त्याच चालवतात, तुला ठाऊकच आहे. हातात चांगली पाच किलोंची पिशवी.

“घे. गल्लीच्या तांदळातली आहे.”

“बू, घर चुकलात. ही म्हाताऱ्या रुबियाहची असेल.”

“तिची तिला पोचली. ही तुझी. सभेत ठरलं.”

“पण मी रोज टाकतो! पाक दारमोंना विचारा.”

“त्यांनीच तुझं नाव काढलं. म्हणाले, पोरगा नळकांड्यात टाकतो तांदूळ, आणि बाजारातून घरी नेतो नुसते कसाव्याचे कंद.”

त्यांनी पिशवी उंबऱ्यात ठेवली. जाताना म्हणाल्या, “लाज वाटली तर वाटू दे. भात मात्र शिजव. लाजेने पोट भरत असतं तर माझा नवरा कधीचा उपाशी मेला असता.”

पिशवी बराच वेळ उघडली नाही. उघडली तेव्हा आत सगळी गल्ली होती. कुणाचे लांब दाणे, कुणाचे आखूड, कुणाची कणी, जुने पिवळे पडलेले, मध्येच चारदोन लाल. जाडेभरडे होते ते बहुधा माझेच. भात लावला. निम्मे दाणे गळून लगदा झाले आणि निम्मे दाताखाली कचकचले. तू असतीस तर आधी भिजवले असतेस. मी तसाच खाल्ला, सगळा.

खाताना लक्षात आलं, की गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त तुला.

गिरणीतून बोलावणं आलं हे खरं. माग खोलून सुटे करण्यासाठी आलं. मालकाने ते भंगारात विकले आणि नटबोल्ट कुठले कुठे आहेत हे ठाऊक असलेली माणसं हवी होती. दोन दिवसांचं काम. माझा माग मीच खोलला आणि मीच ट्रकवर चढवला. आता तिथे फरशीवर मागाच्या पायांचे चौकोनी डाग आहेत, बाकी काही नाही. मजुरी मिळाली हेही खरं. गिरणीबद्दल मी तुला खोटं असं एकही वाक्य लिहिलं नव्हतं, हे मी पत्र टाकण्याआधी तपासून पाहिलं होतं. त्याचीच जास्त लाज वाटते.

फोनचं मात्र खोटं. विकला, आणि विजेचं पाकीट भरलं. तरी मीटरमध्ये आधी भरलेले पैसे संपत आले की तो टीटी वाजायला लागतो. पूर्वी तू धावत जायचीस, शेजारी ऐकतील म्हणून. मी आता दोन दिवस वाजू देतो. घरात दुसरा आवाज नसतो.

तिकिटंही संपली नव्हती. तुझं पाकीट आलं त्याच दिवशी एक आणलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. रोज तोच शर्ट घालून कामं विचारत फिरतो. घामाने तिकिटाचा डिंक निघून गेला.

तू वोनोगिरीला आहेस तोवर मी तुमच्यासाठी घर सांभाळतोय असं म्हणता येत होतं. तैवानची तीन वर्षं झाली की रारस नऊची होईल. त्यापुढे विचार जात नव्हता, म्हणून तिकीट खिशातच राहिलं.

काल सही केली. डिंक नव्हता, तर तिकीट भाताच्या शिताने चिकटवलं. कचकचीत शीत चिकटत नाही, गळलेलं शोधावं लागलं. ते कुणाच्या घरचं, देव जाणे. अर्धी सही तिकिटावर, अर्धी कागदावर, सूचनेत छापलंय तशीच. वाळेपर्यंत तळहात त्यावर दाबून बसलो होतो.

जायचं की नाही हे आता सगळं खरं ठाऊक असताना तू ठरव. गेलीस तर रारसला माझ्याकडे ठेवशील का? हट्ट नाही. तिला माझ्यापाशी उपाशी राहावं लागणार नाही, एवढं परवापासून म्हणू शकतो. चपलांचं तिला तूच सांग. मला ते लिहिता येत नाही.

नळकांड्यात आजही मूठभर टाकले. पाक दारमो थांबून बघत होते. “अरे, आमचेच आम्हाला परत देतोस होय?”

“हो पाक. नुसते कसे ठेवून घेऊ?”

कागद सोबत आहे. त्यात ‘माझी हरकत नाही’ असं छापलेलं आहे. खोडाखोड केली तर कागद बाद होतो, म्हणून तिथे काही केलं नाही. इथे लिहितो.

हरकत असलेला, आणि सही केलेला,
तुझाच
सुगेंग