बांधाखालचं पाणी

बाबा, काल मुरुडला जाताना बसमधून खाडीवरचा तो बांध दिसला. आता त्याच्यावर तिवरं माजली आहेत. मोडलेली जागा मला लगेच ओळखता आली. घरी परतले आणि तुम्हाला लिहायला बसले.

मी तेव्हा मुंबईला गणित शिकत होते आणि दिवाळीच्या सुट्टीत अलिबागला आले होते. नवा बांध घालायचं काम इंजिनिअर म्हणून तुमच्याकडे आलं होतं. भरतीचं खारं पाणी त्याच्या बुडाखालून झिरपून भातखाचरांत किती जोरानं वर येईल, हे आधी काढायचं होतं. कचेरीतलं हातानं फिरवायचं हिशेबाचं यंत्र तुम्ही घरी आणलंत आणि उजेड चांगला म्हणून स्वयंपाकघरात पाटावर मांडलंत. आई पलीकडे बोंबील तळते आहे, मी दांडा फिरवते आहे, तुम्ही आकडे सांगता आहात. मातीच्या पोटात जागोजाग दाब शोधत बसायचं नाही, असं तुम्ही शिकवलंत. फक्त कडेचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याचं समीकरण मांडायचं. कडेवर काय चाललंय ते ठाऊक असलं की आतलं सगळं काढता येतं. इतकं देखणं गणित मी कॉलेजात पाहिलं नव्हतं.

खालची कड म्हणजे चिकणमातीचा थर. त्यातून पाणी जात नाही, असं धरायचं होतं. नकाशावर ती एक सरळ रेघ होती. मी विचारलं, ही रेघ कोणी पाहिली आहे का? तुमची पेन्सिल थांबली.

"शंका काढायला पैसे लागत नाहीत, खोदायला लागतात. फिरव."

मी फिरवलं. उत्तर आलं, बांध सुरक्षित.

दुसऱ्याच पावसाळ्यात, भादव्यातल्या उधाणाला तो फुटला. थोरल्या साहेबांनी तुम्हाला सुचवलं होतं की भरतीच अवाच्या सवा होती असं लिहा. तुम्ही तसं लिहिलं नाहीत. मी गणपतीला घरी आले होते, मला सोबत घेऊन गावात गेलात. पोटरीत आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतातलं भात खाऱ्या पाण्यात उभं होतं. एक म्हातारी शेतकरीण बांधाशी बसली होती. ती म्हणाली, "सायेब, बांद वरना नाय फुटला. खालना वालू उसलली, मंग पानी आला."

तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत, "हिशेब माझा होता." कोणी ओरडलं नाही. म्हातारीनं तुम्हाला तांब्याभर पाणी दिलं, ते तुम्हाला पिववेना.

त्यानंतर त्याच यंत्रावर तुम्ही दुसरा हिशेब मांडलात, मातीत मुरलेलं मीठ पावसानं धुऊन जायला किती वर्षं लागतील याचा. पुन्हा कडा, पुन्हा तुकडे. या वेळी मला बोलावलं नाहीत. उत्तर हाती आल्यावर गावात जाऊन सांगून आलात, की तीन पावसाळे. तिसऱ्या पावसाळ्याआधीच तुम्ही गेलात. भात त्या वर्षी पिकलं नाही, पुढच्या वर्षीही नाही.

आता मी हेच गणित शिकवते. खाली वाळूचा पट्टा धरून तो बांध पुन्हा मांडायचा, तर संगणकाला क्षणही लागणार नाही. चूक त्या रेघेची होती की भराव कच्चा टाकणाऱ्या कंत्राटदाराची, तेवढं तरी कळेल. विद्यार्थ्यांना मी सगळे बांध सोडवायला देते, बाबा. तो एक अजून मांडलेला नाही. उत्तर काय येईल याची मला भीती वाटते.