अनुभव : निरंक

भोकरदन, मंगळवार, जून १९७४

कारकुनाच्या जागेसाठी आज जालन्याला जाऊन अर्ज टाइप करून आणला. अनुभवापुढं मी लिहिल्तं, ‘सात वर्षांपासून गल्लीतल्या बायकांची पत्रं लिहिते.’ टायपिस्टकाका हसले. “पोरी, साहेबाला हे चालत न्हाई. निरंक टाकतो.” मी मान हलवली. का हलवली?

निरंक! मंग शेजारच्या शांतामावशीचा रुसून नागपूरला गेलेला लेक परत कसा आल्ता? ‘म्हैस व्याली, तुझ्यावाचून खरवस केला न्हाई’ ही ओळ माझीच ना?

अर्ज पेटीत टाकून घरी आले, तर मावशी पोस्टकार्ड घेऊन बसलेली. आता लेकीला बोलवायचंय. लिहून दिलं.

सात वर्षं सगळ्यांना ‘लवकर ये’ लिहून राह्यले. मला ‘मुलाखतीला या’ एवढं कुणी लिहील का?