सप्रेम भेट लिहिलेल्या प्रती

गुरुजी, तुमच्या सायकलीचं मागचं मडगार्ड खडखडायचं, तो आवाज अजून कानात आहे. देऊळघाटच्या शाळेच्या वळणावर तो आला की आम्ही सगळी पोरं एकदम गप्प, आणि तुम्ही दारात पाऊल टाकलं की कोणी न सांगता कविता सुरू. ओळ संपली की तुम्ही टेबलावर बोट आपटायचे आणि आमचा सूर तिथंच थांबायचा. अर्थ निम्माही कळत नव्हता. पण पुढं बाजार समितीत मापारी झालो, तेव्हा धान्याची मापं पुकारताना माझ्या तोंडून तोच सूर निघायचा आणि हमाल हसायचे.

सातवीत मी स्वतःची कविता केली, कार्बन घालून उतरवली आणि वर्गभर वाटली. तुम्ही एक कागद उचलला, वाचला, घडी करून माझ्या हातात दिला. "फुकट वाटली ते लगनपत्रिका बे. कोनी मागून नेली अन् वाचली, तर तिले कविता म्हनू." वर्ग हसला. मी रडलो नाही, पण त्यानंतर जन्मभर जे लिहिलं ते ट्रंकेत ठेवलं.

यंदा पुस्तक काढलं, स्वतःच्या खर्चानं, बुलढाण्याच्या एका छापखान्यातून. गठ्ठे घरी आले आणि मी एक घोळ केला. आजवर कवितेची जी पुस्तकं माझ्या हाती पडली, ती सगळी कुणाला तरी मिळालेली. पहिल्या पानावर 'सप्रेम भेट' आणि खाली सही. मला वाटलं, लेखकानं हे करायचंच असतं. तीन दुपारी बसून एकूण एक प्रतीवर सुवाच्य अक्षरात 'सप्रेम भेट' लिहिलं. बायको म्हणाली, "अहो, कोनाचं लगन काढलं?" तरी डोक्यात उजेड पडला नाही.

तो पडला बाजारात. बांगड्यावाल्या चाचीच्या शेजारी सतरंजी टाकून मी पुस्तकं विकायला बसलोय. लोक येतात, पुस्तक उचलतात, पहिलं पान उघडतात आणि हात जोडतात. "वा बाबा, भेट देऊन राह्यले? मोठं मन आहे बुवा तुमचं!" आणि पुस्तक जातं पिशवीत, मेथीच्या जुडीवर. त्या जोडलेल्या हातांना पैसे कसे मागायचे? एकानं तर शेजाऱ्यासाठी आणखी एक मागून घेतलं. दुपारपर्यंत गठ्ठा निम्मा झाला आणि मी पुन्हा सातवीतला.

चाची सगळं पाहत होती. शेवटी एका बाईच्या हातात बांगडी चढवता चढवता ओरडली, "काय बाबा, दुकान लावलं का लंगर?" मी घोळ सांगितला तशी ती तोंडाला पदर लावून हसली. मग तिनं एक प्रत मधूनच उघडली आणि ओठ हलवत सावकाश वाचू लागली. मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलेली आहे म्हणे. दोन गिऱ्हाइकं ताटकळली, तरी तिची मान वर होईना. "हे मले पाहिजे," ती म्हणाली आणि नोट पुढं केली.

"असू द्या चाची, घ्या तशीच."

"काऊन? मी काय तुमची पाहुनी आहे? ते खोडा पयले."

मी माझं सुवाच्य 'सप्रेम भेट' खोडलं. गुरुजी, निवृत्त झालो त्या दिवशीही इतकं हलकं वाटलं नव्हतं. घरी आलो, पोटभर जेवलो आणि पोरासारखा झोपलो.

आता हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहूनच ठेवतो. शेवटी तुम्ही हिवरा आश्रमला लेकीकडं होते, आजारी होते, हे मला ठाऊक होतं. एसटी होती, सुट्टीही मिळाली असती. आलो नाही. लोकांना म्हटलं, हंगाम आहे, मापं सोडून निघता येत नाही. खरं तर हातात तुम्हाला दाखवायला काही नव्हतं. तुम्ही नुसतं 'जेवला काय?' विचारलं असतं, हे फार उशिरा कळलं.

दार वाजलं म्हणून मध्येच उठलो होतो. एक अनोळखी शेतकरी, गाडी बाहेर लावलेली, हातात माझं पुस्तक, आत खुणेला एसटीचं तिकीट. मेव्हण्याच्या घरी पडलेलं दिसलं, म्हणून मागून आणलं आणि आतल्या पत्त्यावर आला म्हणे. बसा म्हटलं तर बसेना.

"बाबा, हरभऱ्याले पिवयं फूल कुठं पायलं तुमी? जांभयं असते ते!"

मी विचारलं, "पुस्तक सगळं वाचलं का हो?"

"मंग? उगीच आलो काय इतक्या लांबून भांडाले?"