गोलामागची जागा

सर, अंथरुणावर पडल्या पडल्या तुम्ही मला एकच प्रश्न विचारला होता: गोलामागे कोण होतं? खरं उत्तर द्यायला मला चाळीसवर वर्षं लागली. आता ऐकायला तुम्ही नाही, म्हणून पेन कसा भराभर चालतोय बघा.

आणीबाणी उठल्यानंतरचा हिवाळा. शाळेत तुम्ही पीटी शिकवायचे आणि संध्याकाळी आर्वीच्या कापूस बाजारामागच्या मैदानावर फुटबॉल टीमच्या आम्हा चौदा जणांना तंगड्या मोडेस्तोवर पळवायचे. मॅचमध्ये खेळणार अकरा, पण सराव चौदांचा सारखा. राखीव पोराला मुद्दाम माझ्या जागी खेळवायचे आणि मला, कप्तानाला, पाण्याची कॅन देऊन रेघेबाहेर उभं करायचे. मी चिडलो की म्हणायचे, "काऊन फुगला बे? बाहेरून तो काय पाह्यते, ते तुले बी समजलं पाह्यजे." मला ते कधी समजलं नाही. मला वाटायचं, म्हातारा उगीच डोकं खातो.

आपल्या गोलकीपरला उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. हे आपल्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तुम्ही किराणा दुकानदाराच्या त्या हडकुळ्या पोराला, राखीवातल्या शेवटच्याला, दर मॅचला डाव्या खांबामागे उभं करायचे, चांगल्या कानाच्या बाजूला. तो तिथून ओरडायचा, "उजवीकडून आला! थांब! आपलाच हाय!" दोन वर्षांत तो पाच मिनिटंही खेळला नसेल. पण गोलकीपर त्याच्या आवाजावर बेधडक उडी घ्यायचा.

कारंज्याच्या फायनलआधी तुम्हाला कावीळ झाली आणि यादी माझ्या हातात आली. मी नागपूरचे तीन तगडे गडी ठरवले आणि तीन राखीव कापले. तरी त्या सकाळी आर्वी डेपोत तो हडकुळा एसटीत येऊन बसला होता, मांडीवर पाण्याची कॅन घेऊन.

"तू कायले येऊन राह्यला? खेळणार तं नाई तू," मी म्हणालो.

"मंग गोलामागं कोन उभं राहीन?"

"राहीन कोनी बी. उतर खाली. नागपूरवाले पाहतीन तं हसतीन."

तो उतरला. कॅन खिडकीतून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "नव्यायले त्याच्या कानाचं सांगजो बरं." मी मान हलवली. कंडक्टरनं घंटी मारली. कारंजा येईस्तोवर गोलकीपर तीनदा मागे वळून रिकाम्या सीटकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो.

नव्यांना मी काही सांगितलं नाही. बहिरा गोलकीपर ऐकून ते परत फिरतील अशी मला धास्ती होती. खेळत ते झकास होते, पण प्रत्येक जण बॉल आपल्याकडेच मागायचा. आपली पोरं एकमेकांकडे न बघता पास द्यायची, ती त्या दिवशी चाचपडायला लागली. तरी आपला एक गोल झाला. दुसऱ्या हाफात गोलकीपर सारखा मागे बघत होता. डाव्या खांबामागे कोणी नव्हतं. हायवेवर ट्रक भोंगे वाजवत जात होते. तेव्हाही मी कुणाला तरी तिथे पाठवू शकलो असतो.

मग कॉर्नरचा उंच बॉल आला. उजवीकडून आपलाच नवा गडी "सोड, सोड" ओरडत धावला. गोलकीपरनं उडी मारली. त्याच्या तोंडावर बसलेल्या बुटाचा तो आवाज मला अजून ऐकू येतो, सर. ट्रकमध्ये घालून त्याला वर्ध्याला नेलं. उजवा डोळा गेला. उजवा कान तर आधीच नव्हता. मॅच आपण जिंकलो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलं, "गोलामागं कोन होतं?" मी म्हणालो, "कोनीच नव्हतं सर. तो आलाच नाई." तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलं. मग सहा महिने, तुम्ही जाईपर्यंत, तुम्ही त्या पोराशी एक शब्द बोलले नाही. तो रोज मैदानावर यायचा, रेघेबाहेर उभा राहायचा आणि घरी जायचा. तुमच्या मयतीला आला, पण खांदा द्यायला पुढे झाला नाही. मी दिला.

परवा आर्वीला गेलतो. आता किराणा दुकान तोच चालवतो. चहा पाजला. गोलकीपर रोज त्याच्याकडे येऊन बसतो म्हणाला, नेहमी त्याच्या उजव्या अंगाला, म्हणजे चांगला कान आणि चांगला डोळा त्याच्याकडे राहतो. मग सुपारी कातरता कातरता, वर न बघता त्यानं विचारलं, "सरले सांगतलं होतं ना तू? मी एसटीत बसलो होतो म्हून?"

"हो," मी म्हणालो. "सांगितलं होतं."

"बरं झालं राजा. मले वाटे, सर तसेच गेले."

त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी चहा अर्धा टाकून उठलो. हे पत्र खरं तर त्याच्या नावानं लिहायला हवं होतं. त्याचा पत्ता मला पाठ आहे. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही.