मुदखेडच्या दातांच्या डॉक्टरांपासून आमची सुटका करण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय समन्वयक,
‘घरचा डॉक्टर’ योजना कक्ष,
लातूर.

अर्जदार : सौ. शिवकांता पंचाक्षरी येरोळे, कापड दुकानदार, मु. पो. ता. जळकोट, जि. लातूर.

विषय : आमच्या कुटुंबाला नेमून दिलेले ‘घरचे डॉक्टर’ रद्द करून जळकोटची जागा रिकामी दाखवण्याबाबत.

संदर्भ : १) आमचा पहिला अर्ज, ज्याला उत्तर आले नाही.
२) आमचा दुसरा अर्ज, ज्याला उत्तर आले. न येते तर बरे होते.
३) आपल्या कक्षाचा मोबाइलवरील संदेश : ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.’

महोदय,

१. वरील संदेशात कोणाचे समाधान झाले ते लिहिलेले नाही. आमचे झालेले नाही, तेव्हा ते आपले झाले असावे असे समजून हा तिसरा अर्ज करीत आहे. आधीचे दोन आपण वाचले नाहीत हे आपल्या उत्तरावरून दिसतेच, म्हणून सर्व हकीकत पहिल्यापासून लिहिते.

२. माझे पती श्री. पंचाक्षरी येरोळे यांचे जळकोटच्या बाजारात साड्यांचे दुकान आहे. गेल्या वर्षी त्यांना उठता-बसता चक्कर येऊ लागली. गिऱ्हाइकाला वरच्या फळीवरची साडी दाखवायला उठले की डोळ्यांपुढे अंधारी येई. एकदा ते साड्यांच्या ढिगावर पडले, एकदा उंबऱ्यावर. लातूरच्या हृदयाच्या डॉक्टरांनी हृदय पाहिले व ते ठीक असल्याचे सांगून गोळी दिली. नांदेडच्या मेंदूच्या डॉक्टरांनी मेंदू पाहिला व तोही ठीक असल्याचे सांगून आणखी गोळ्या दिल्या. उदगीरच्या हाडांच्या डॉक्टरांनी गुडघे पाहिले. सगळे भाग ठीक होते, फक्त माणूस पडत होता. आमच्या मुलाने पुण्याहून फोन करून सांगितले, ‘अण्णांना आता दुकानात बसवू नका.’ त्या दिवशी माझे पती जेवले नाहीत. मला म्हणाले, ‘शिवकांता, मला येडं ठरवायलेत का गं हे?’

३. अशा वेळी आपल्या योजनेची गाडी भोंगा लावून आमच्या गल्लीतून गेली. ‘प्रत्येक कुटुंबाला एक डॉक्टर, जो तुम्हाला नावानिशी ओळखेल.’ आम्ही भोळेपणाने नाव नोंदवले. काही दिवसांनी आपल्या कक्षाने आम्हाला घरचा डॉक्टर दिला : डॉ. आनंदराज, मुदखेड.

४. महोदय, आमच्या तालुक्याला लागून मुखेड आहे. मुदखेड हे नांदेडच्याही पलीकडचे रेल्वेचे जंक्शन आहे. या दोन गावांतला फरक एसटीच्या कंडक्टरला कळतो, शाळेतल्या लेकरांना कळतो, आमच्या दुकानात माल आणणाऱ्या टेम्पोवाल्यालाही कळतो. तो आपल्या कक्षाला कळला नाही. दुसऱ्या अर्जात मी ही चूक दाखवून दिली, तेव्हा ‘सदर अंतर निकषात बसते’ असे उत्तर आले. आपले निकष पाहण्याची इच्छा नाही. परंतु आपण स्वतः एकदा चक्कर येणाऱ्या माणसाला धरून जळकोटहून नांदेडच्या गाडीत चढावे, नांदेडला उतरून दुसरी गाडी धरावी व मुदखेडला पोचल्यावर तो माणूस निकषात बसतो की रस्त्यावर, ते पाहावे.

५. तरीही मी डॉ. आनंदराज यांना फोन लावला. गृहस्थ भला आहे. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते : ‘काकू, मी दातांचा डॉक्टर हाय. कोण नाव दिलं माझं, काय की. जळकोटहून सकाळपासून लोकं फोन करायलेत. एक बाई लेकराच्या तापाचं विचारून राहिली होती, एक म्हातारबा रडायला लागले. मी काय करू, सांगा. दात दुखत असंल तर या, नाहीतर कुणाला तरी जवळ दाखवा, माय.’ आपल्या संपूर्ण यंत्रणेत मला मिळालेला हा एकमेव उपयोगी सल्ला होता, आणि तो देणाऱ्याला आपण यंत्रणेत घेतल्याचे माहीतच नव्हते.

६. मी जवळ शोधले. बाजारात गुंडप्पा यांच्या हार्डवेअरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, डॉ. मंजुश्री नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नुकताच दवाखाना उघडला होता. पाटीवर ‘कुटुंबवैद्यक तज्ज्ञ’ असे लिहिलेले. गुंडप्पा स्वतः मला म्हणाले, ‘वैनी, कशाच्या तज्ज्ञ हायत काय की, पण माझ्या आईशी लई वेळ बोलल्या.’ मी पतींना जिन्यावरून हळूहळू वर नेले.

७. त्यांनी आधी ‘काय होतं?’ असे विचारले आणि मग नुसते ऐकून घेतले. माझे पती बोलत राहिले. चकरेपासून सुरू केले ते मुलाच्या फोनपर्यंत आले. डॉक्टरांनी त्यांना पाणी दिले. नंतर रक्तदाब बसवून मोजला, आडवे करून मोजला आणि उभे करून मोजला. तोवर कोणीही त्यांना उभे करून मोजले नव्हते, आणि पडत तर ते उभे राहिल्यावरच होते. मग म्हणाल्या, ‘काकू, घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या, जुन्या-नव्या सगळ्या.’ मी पिशवी आणली. त्यांनी ती टेबलावर ओतली आणि दोन पाकिटे बाजूला काढली. रक्तदाबाची एकच गोळी लातूरने एका नावाने दिली होती आणि नांदेडने दुसऱ्या नावाने. माझे पती इमानदारीने दोन्ही घेत होते. डॉक्टरांनी आमच्यासमोर दोन्हीकडे फोन लावून विचारले, एक गोळी बंद केली, आणि त्या आठवड्यात दोनदा घरी येऊन पतींना पाहून गेल्या. पुढच्या बाजाराच्या दिवशी माझे पती स्टुलावर चढून वरच्या फळीवरची साडी काढत होते. मी ओरडले. ते म्हणाले, ‘अगं, काही व्हायलं नाही.’ खरोखरच काही होत नव्हते.

८. असा डॉक्टर आपल्या योजनेत असावा असे मला वाटले. हा माझा दोष आहे. माझ्याच आग्रहावरून डॉ. मंजुश्री यांनी आपल्याकडे नोंदणीसाठी अर्ज केला. आपले निरीक्षक आले. मी तेव्हा तिथेच बाकावर बसले होते. त्यांनी भिंतीवरचे प्रमाणपत्र वाचले आणि विचारले, ‘मॅडम, तुम्ही नेमक्या कोणत्या अवयवाच्या तज्ज्ञ?’ डॉक्टर म्हणाल्या, ‘कोणत्याच एका नाही, सर. घरातल्या सगळ्यांना बघते.’ निरीक्षकांनी मान हलवली, कागदावर ‘विशेषता अस्पष्ट’ असे लिहिले आणि गेले. योजनेचे नाव ‘घरचा डॉक्टर’, आणि त्या योजनेच्या निरीक्षकाला घरचा डॉक्टर म्हणजे काय ते ठाऊक नाही. मी कापडाच्या धंद्यात आयुष्य घालवले आहे. खादी कशाला म्हणतात ते न कळणारा माणूस आम्ही खादीच्या गल्ल्यावर बसवत नाही.

९. मग आपले पत्र आले : ‘जळकोटसाठी घरचा डॉक्टर यापूर्वीच नेमण्यात आला असल्याने जागा रिक्त नाही.’ म्हणजे मुदखेडचे दात आमच्या सगळ्या गावाच्या तापावर, खोकल्यावर, बाळंतिणींवर आणि म्हाताऱ्यांवर पुरेसे आहेत. योजनेतल्या मोफत तपासण्या व औषधे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळतात. त्यामुळे डॉ. मंजुश्री यांच्याकडे येणारे गरीब लोक येईनासे झाले. त्यांनाही डॉक्टर आवडत होत्या, पण आवडीने औषध मिळत नाही. आमच्या शेजारच्या मल्लम्मा पायाची जखम घेऊन घरीच बसल्या. डॉक्टर न बोलावता जाऊन त्यांची पट्टी बदलत राहिल्या.

१०. शेवटी एके संध्याकाळी डॉ. मंजुश्री दुकानात आल्या. नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्याने त्यांना बोलावले होते. ‘काकू, मला जावंसं वाटत नाही,’ म्हणाल्या, ‘पण पेशंट जिना चढून येत नाहीत, आणि आले तरी मी त्यांना सरकारी औषध देऊ शकत नाही. नुसतं बसून काय करू?’ मला त्यांना थांबा म्हणायचे तोंड नव्हते. त्यांना त्या योजनेच्या दारात मीच पाठवले होते. माझे पती गादीवरून उठले (चक्कर न येता), दुकानभर एक नजर टाकली आणि म्हणाले, ‘डॉक्टरीणबाई, जिन्याचं मी बघतो. पुढची अर्धी बाजू तुमची. टेबल कुठं ठेवायचं तेवढं सांगा.’ डॉक्टर म्हणाल्या, ‘आणि साड्या?’ ते म्हणाले, ‘साड्यांना काय, मागं सरकतील.’ त्याच आठवड्यात कपाटे मागे सरकली. आता आमच्या दुकानात गिऱ्हाईक साडी पाहायला येते आणि खोकला दाखवून जाते. डॉ. मंजुश्री यांनी नांदेडला नकार कळवला आहे.

११. म्हणजे डॉक्टर मिळवून देण्याची विनंती मी आता आपल्याला करीत नाही. तो उद्योग आपल्याकडून होण्यासारखा नाही, हे सिद्ध झाले आहे. मागणी एवढीच की, डॉ. आनंदराज, मुदखेड यांची आमच्या कुटुंबावरील नेमणूक रद्द करावी. त्यांचे लेखी संमतिपत्र सोबत आहे. त्यात त्यांनी ‘कृपया’ हा शब्द तीनदा लिहिला आहे. अशाच मागणीचे गल्लीतल्या, बाजारातल्या व वाडीवरच्या कुटुंबांचे अर्ज याच पाकिटात आहेत. मल्लम्मांनी आपल्या अर्जावर अंगठा दिला आहे. ही सर्व कुटुंबे वजा झाल्यावर जळकोटची जागा रिकामी होते की नाही, हे आपल्याच निकषांनी तपासावे आणि मग डॉ. मंजुश्री यांचा अर्ज पुन्हा काढून वाचावा. या वेळी वाचावा, ही विशेष विनंती.

१२. याउपर ‘समाधानकारक निराकरण’ असा संदेश पुन्हा आल्यास हीच सर्व मंडळी आपल्या कक्षात समाधान पाहायला येतील. बसायला जागा करून ठेवावी. त्यांत चालता न येणारेही आहेत.

१३. एक निरोप आहे. आपले निरीक्षक त्या दिवशी जिना चढून आले तेव्हा बराच वेळ धापा टाकत होते आणि त्यांचे पाय बुटांच्या वर सुजलेले दिसत होते. मी पाहिले नाही, मी रागात होते. डॉ. मंजुश्री यांनी पाहिले. ते गेल्यावर त्यांनी मला विचारले, ‘काकू, त्या साहेबांच्या घरी कोण असतं? त्यांना लवकर तपासून घ्यायला सांगा.’ मी हा निरोप दिला नसता. परंतु डॉक्टर परवा पुन्हा म्हणाल्या, ‘सांगितलं का त्यांना?’ म्हणून लिहीत आहे. त्यांनी यावे. दवाखाना आता तळमजल्यावर आहे.

नम्र हा शब्द या वेळी वगळून,
आपली,
सौ. शिवकांता पंचाक्षरी येरोळे
जळकोट, दि. २१ जुलै २०२५

सोबत :
१) डॉ. आनंदराज, मुदखेड यांचे संमतिपत्र
२) इतर कुटुंबांचे अर्ज
३) ‘जागा रिक्त नाही’ या आपल्या पत्राची प्रत, आपल्याकडे ती सापडणार नाही म्हणून